बुडबुडा उठेना

"बसलाय," चिमटी म्हणाली.

"कोण बसलाय?" विभागप्रमुखांनी टायची गाठ सोडून पुन्हा बांधत विचारलं.

"बुडबुडा. नेमका सेन्सरवर."

"मग उठव त्याला! समिती दुपारी येतेय."

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, जणू बुडबुडा म्हणजे त्यांच्या हाताखालचा कारकून. एक आवाज टाकला की चहा अर्धा सोडून उभा राहील. चिमटीनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. काढला असता तर तो विभागप्रमुखांवर गेला असता, आणि त्या डोळ्यात त्या वेळी जे होतं ते वरिष्ठांना दाखवण्यासारखं नव्हतं.

चिमटी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. प्रयोगशाळेत ती कुठलीही वस्तू बारीक चिमट्यानंच उचलायची. एकदा घाईत बिस्किटही चिमट्यानं उचलून खाल्लं, तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. तिच्यासमोर टेबलावर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पारदर्शक, रबरासारखी मऊ पट्टी होती. तिला सगळे चिप म्हणत. चिपेच्या पोटात केसाएवढी नळी, आणि नळीच्या तळाला सोन्याचा एक ठिपका. तो ठिपका म्हणजे सेन्सर. नळीतून रक्त न्यायचं, वाटेत त्याची एन्झाइमशी गाठ घालून द्यायची, दोघांची झटापट झाली की त्यातून मुंगीच्या शिंकेएवढी वीज निघते, ती त्या ठिपक्यानं टिपायची, की पडद्यावर रेघ वर चढते. साखर जास्त तर रेघ उंच, साखर कमी तर रेघ खाली. आणि ठिपक्यावर हवेचा बुडबुडा बसला तर रेघ आडवी. मेल्यासारखी आडवी.

हे सगळं खूळ चिमटीच्या डोक्यात घातलं तिच्या ताईनं. ताई नर्स, नवजात बाळांच्या वॉर्डात. दिवस भरायच्या आत जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळं तिथं असतात. त्यांची साखर तपासायला टाचेला पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागते. "त्यांच्या अंगात रक्त ते केवढं, आणि आम्ही डासासारखं पितोय," असं ताई एकदा जेवताना म्हणाली आणि ताट सरकवून उठली. त्या दिवसापासून चिमटीनं ध्यास घेतला: सुईच्या टोकावर राहील एवढ्या रक्तात काम भागलं पाहिजे. आणि भागतही होतं! गेले कित्येक दिवस रेघ शहाण्या मुलीसारखी चढत-उतरत होती.

आज समिती बघायला येणार होती. तिनं मान हलवली तर काम पुढे चालणार; नाही हलवली तर काम गुंडाळणार, आणि चिमटीची नेमणूक कामापुरतीच असल्यामुळं तीही त्याच गुंडाळीत जाणार. शेजारच्या विभागानं तर या खोलीची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती. पडदे कुठल्या रंगाचे लावायचे यावरून त्यांच्यात भांडणही होऊन गेलं होतं.

"पण हवा आली कुठून?" चिमटी पुटपुटली. "काल संध्याकाळी मी नळीत सोडायच्या साखरेच्या पाण्यातली सगळी हवा काढून बाटली बंद करून ठेवली होती. इथं, टेबलावर."

विभागप्रमुख खाकरले. "ती होय? ती मी सकाळीच फ्रीजमध्ये ठेवली."

"का?"

"ताजी राहावी म्हणून. समितीपुढं शिळं कसं ठेवायचं?"

चिमटीनं हळूहळू मान वळवली. "सर, थंड पाण्यात जास्त हवा मावते. मग ते चिपेत जाऊन कोमट झालं की ती हवा बाहेर पडते. म्हणून तर आपण..."

"आणि चांगली हलवूनही घेतली," विभागप्रमुख अभिमानानं म्हणाले. "झाकण काढून, हवा खेळती ठेवून. तळाशी काही बसलेलं नको."

"त्यात तळाशी बसण्यासारखं काहीच नसतं, सर."

"बघ! हलवल्यामुळं गेलं."

या गृहस्थांनी प्रयोगाच्या वस्तूला शेवटचा हात कधी लावला होता ते कुणालाच आठवत नव्हतं. तेव्हापासून त्यांचे हात फक्त सह्या करायला, हार घालायला आणि दुसऱ्यानं केलेल्या कामाकडं बोट दाखवायला वर येत. नेमके आज ते शिवशिवले होते. समिती येणार म्हटल्यावर माणसं अशीच पिसाळतात. जी खिडकी वर्षभर बंद आहे ती उघडतात, जी उघडी आहे तिला खिळा ठोकतात, आणि चालू असलेल्या गोष्टीला तर हमखास हात घालतात.

"ठीक आहे," चिमटी दात आवळून म्हणाली. "पुन्हा हवा काढते. हवा खेचायचा पंप कुठाय?"

कोपऱ्यात तारांच्या गुंत्यात बसलेला वायरवाला उगाचच एका स्क्रूकडं टक लावून बघू लागला. सोन्याचे ठिपके बनवायचे, त्यांना तारा जोडायच्या आणि काही बिघडलं की "माझ्याकडून ओके आहे" म्हणायचं, हे त्याचं काम.

"पंप कुठाय रे?"

"माझ्याकडून ओके आहे," वायरवाला म्हणाला. "सरांना विचार."

"अगं, तो फार घुरघुरतो," विभागप्रमुख म्हणाले. "आणि खाली तेल गळतं त्याचं. समितीपुढं बरं दिसत नाही. गोदामात पाठवला."

"गोदामाची किल्ली?"

"भांडारपालाकडं."

"आणि भांडारपाल?"

"समितीला आणायला गेलाय. समितीबरोबरच येईल."

चिमटीनं डोळे मिटले. मनातल्या मनात तिनं जे काही म्हटलं त्यात भांडारपालाचं, पंपाचं आणि विभागप्रमुखांच्या सात पिढ्यांचं नाव होतं. मग तिनं डोळे उघडून प्रवाह वाढवला. सेन्सरपाशी नळी जराशी ऐसपैस होते. तिथंच बुडबुड्यानं बैठक मारली होती. प्रवाह वाढला तसा तो पसरला, चपटा झाला, जरा पुढं सरकल्यासारखं त्यानं केलं, आणि प्रवाह कमी होताच पुन्हा मूळ जागी येऊन, अंग चोरून, गोल होऊन बसला. बसमधल्या खिडकीशेजारच्या जागेवर एखादा बसतो ना, आपल्याकडं बघायचंच नाही असं ठरवून? अगदी तसा.

"नुसतं ढकलून काय होणार? टिचकी मार," असं म्हणत विभागप्रमुख पुढं झाले आणि चिमटी "सर, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी खिशातल्या पेनानं चिपेवर टकटक केली.

बुडबुडा हलला. खरोखर हलला. आणि मधोमध फुटून त्याचे दोन झाले. एक सेन्सरवरच राहिला, दुसरा नळीच्या तोंडाशी जाऊन बसला.

"बघ, हलला की नाही?"

"दोन झाले, सर."

"म्हणजे निम्मा हलला. निम्मं काम झालं."

वायरवाल्याला आता राहवेना. तो तारांतून उठून आला. "चिमटे, तू त्याला गरम कर. हवा प्रसरण पावते ना? फुगेल आणि जाईल निघून."

"फुगेल आणि आणखी फुगेल! पाणी तापलं तर आतली उरलेली हवाही बाहेर येईल."

"शाळेत मला विज्ञानात पैकीच्या पैकी होते," वायरवाला म्हणाला.

"मग पुढं काय झालं?"

तेवढ्यात विभागप्रमुखांनी चिपेखालच्या तापपट्टीचं बटण फिरवलंही होतं. थोड्याच वेळात नळीच्या भिंतींवर बारीक बारीक मोती उगवले. एक, मग चार, मग मोजायचं सोडून दिलं. मोती एकमेकांना बिलगले, मूळच्या बुडबुड्याला जाऊन मिळाले, आणि पाहता पाहता तिथं एक लांबलचक, सुस्त, अजगरासारखा बुडबुडा पडला. पडद्यावरची रेघ आधी मेली होती. आता तिचं बारावंही उरकलं.

चिमटीनं तापपट्टी बंद केली. "दुसरी चिप लावते," ती म्हणाली. आवाज एकदम शांत होता. तिला ओळखणाऱ्या वायरवाल्यानं तो ऐकून एक पाऊल मागं घेतलं. "कपाटात जोडलेल्या, तपासलेल्या चिपा आहेत. एक लावली की झालं."

तिनं कपाट उघडलं. डबी होती. डबीत काही नव्हतं.

"सर."

"हां?"

"चिपा."

विभागप्रमुखांचा चेहरा उजळला. "अगं हो! ते सरप्राइज होतं." ते लगबगीनं आपल्या खोलीत गेले आणि एक भलामोठा फलक घेऊन आले. वर ठसठशीत अक्षरांत 'आमची प्रगती' असं लिहिलेलं, आणि खाली चिमटीच्या सगळ्या चिपा सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारख्या गोल चिकटवलेल्या. "रात्री घरी बसून मी आणि बायकोनं केलं. डिंक अगदी पक्का आहे. दार उखडेल, पण हे निघणार नाही."

चिमटीनं चिमटा घेतला आणि एक पाकळी कडेनं उचकटायला सुरुवात केली. चिप ताणली गेली, आणखी ताणली गेली, आणि टर्रकन तिचे दोन तुकडे झाले.

"अगं, अगं! प्रगती उखडू नकोस!" विभागप्रमुख ओरडले आणि फलक पाठीमागं लपवून उभे राहिले.

आता शेवटचा उपाय वायरवाल्यानं काढला. बुडबुड्याला दाबून, तापवून, टिचकी मारून पाहिलं. तर थरथरवून बघू. त्यानं चिमटीचा फोन घेतला, आवाज बंद करून नुसती थरथर ठेवली आणि फोनवर अलगद चिप ठेवली. "आता मी तुला फोन करतो. बारीक थरथर होईल, बुडबुडा सुटेल."

कल्पना तशी वाईट नव्हती. चिमटीलाही ती पटली, यावरून तिची काय अवस्था झाली होती ते कळेल. वायरवाल्यानं फोन लावला. फोन हलकेच गुणगुणला, चिप थरथरली, आणि अजगर शेपटीकडून सुटायला लागला.

"सुटतोय!" चिमटी ओरडली. "सुटतोय, सुटतोय, थांबू नकोस!"

पण फोनचा स्वभाव असा की काम ऐन रंगात आलं की घरचं माणूस फोन करतं. वायरवाल्याचा फोन संपतो न संपतो तोच ताईचा आला. आणि ताईसाठी चिमटीनं थरथर वेगळी लावली होती. लांब, जोरकस, दुर्लक्ष करताच येणार नाही अशी. कारण ताईच्या फोनकडं दुर्लक्ष केलं तर पुढं महिनाभर ऐकावं लागे. फोन टेबलावर बेडकासारखा उड्या मारत निघाला. पाठीवर चिप घेऊन तो टेबलाच्या कडेला पोचला, चिपेत पाणी सोडणारी नळी ताणली गेली, निसटली, आणि समितीला नीट दिसावं म्हणून खास निळं केलेलं पाणी एक देखणी कमान करून विभागप्रमुखांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, बरोबर छातीच्या मध्यावर, जाऊन बसलं.

चिमटीनं एका हातात चिप झेलली आणि दुसऱ्यानं फोन.

"काय गं, झालं का? मान हलवली का त्यांनी?" ताईनं विचारलं.

"नाही अजून. ताई, नंतर बोलते."

"तुझा आवाज असा का येतोय? आणि मागं कोण रडतंय?"

"आमचे सर."

चिमटीनं नळी पुन्हा जोडली. जोडताना अर्थातच आणखी हवा आत गेली. लांबलचक अजगर जाऊन आता त्या जागी एक गरगरीत, टच्च फुगलेला बुडबुडा आला. आणि विभागप्रमुखांनी खास या दिवसासाठी भिंतभर टीव्ही आणून सूक्ष्मदर्शकाला जोडला असल्यामुळं, वाळूच्या कणाहून लहान तो बुडबुडा भिंतीवर परातीएवढा दिसत होता.

"कालची रेघ रेकॉर्ड आहे ना?" शर्ट रुमालानं चोळत विभागप्रमुख कुजबुजले. चोळल्यानं डाग आता पोटापर्यंत उतरला होता. "ती लाव. काल काय सुंदर चालली होती."

"आणि आज चालतंय म्हणून सांगायचं?"

"सांगायचं कशाला? नुसती पडद्यावर राहू दे. समजणारे काय समजायचं ते समजतील."

"सर, उद्या हे बाळाला लावायचंय. तिथं बाळ निपचित पडलं, तर कालची साखर दाखवायची?" चिमटी म्हणाली. "नाही लावणार. बंद पडलंय तर बंद पडलंय म्हणून सांगेन. जाईल माझी नोकरी. जाऊ दे."

विभागप्रमुख काहीतरी बोलणार होते, पण दारात बूट वाजले. समिती आली होती. ठरलेल्या वेळेच्या आधी. ज्यांची वाट बघायची ती माणसं उशिरा येतात आणि ज्यांना घाबरायचं ती लवकर, हा नियम कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. पण सगळ्यांना पाठ असतो.

समितीत तिघं होते. त्यातल्या दोघांना अध्यक्ष जिकडं बघतील तिकडं बघायचं एवढंच काम होतं. अध्यक्ष गुटगुटीत, हसतमुख, आणि नुकतेच भरपेट जेवलेले. विभागप्रमुखांनी डाग झाकायला 'आमची प्रगती' छातीशी धरली. पकडलेल्या भामट्याचा पाटीसकट फोटो काढतात, त्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच होता की भामटा एवढा घाबरलेला नसतो.

"या, या," ते म्हणाले. "ही आमची... ही आमची प्रगती."

"दिसतेय," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. "अरे वा! हे काय गोल गोल?"

चिमटी पुढं झाली. शब्द तयार होते. "सर, ते आमचं अपयश आहे. म्हणजे आजचं. तो हवेचा..."

"झडप!" विभागप्रमुख किंचाळले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. खुद्द त्यांनीही इकडंतिकडं पाहिलं, हे कोण बोललं म्हणून.

"झडप आहे ती," ते घाम पुसत म्हणाले. "हवेची झडप. ती बसली की नळी बंद. उठली की नळी उघडी."

"उठतच नाही ती," चिमटी म्हणाली. "सकाळपासून आम्ही..."

"इतकी भक्कम?" अध्यक्षांनी विचारलं.

"अत्यंत भक्कम," विभागप्रमुख म्हणाले. "दाबून पाहिली, ठोकून पाहिली, तापवून पाहिली, थरथरवून पाहिली. जागची हलली नाही. तुम्ही यांनाच विचारा."

"माझ्याकडून ओके आहे," वायरवाला म्हणाला.

अध्यक्ष टेबलाशी आले आणि, कुणाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा दिसला की लहान मूल जसं करतं तसं, त्यांनी थेट चिपेवर बोट ठेवलं. भिंतीवरचा परातीएवढा बुडबुडा पसरून घंगाळाएवढा झाला. त्यांनी बोट काढलं. पुन्हा परात. बोट, घंगाळ. परात. अध्यक्षांच्या तोंडून "हॅ हॅ" असा आवाज आला. बाकीच्या दोघांनीही "हॅ हॅ" केलं.

"ऐकतंय की हो हे!"

"सर, ते ऐकत बिकत नाही," चिमटी कळवळून म्हणाली. "चिप मऊ आहे. तुम्ही ती दाबताय."

"म्हणजे स्पर्शही कळतो त्याला!"

"सर, ती हवा आहे. साधी हवा. चुकून शिरलेली. आमची बाटली फ्रीजमध्ये..."

"चुकून!" अध्यक्षांनी समितीकडं वळून बोट वर केलं. "ऐकलंत? मोठे शोध असेच लागतात. आणि शोध लावूनही ही मुलगी म्हणते, चुकून झालं. हल्ली असा विनय कुठं बघायला मिळतो?"

"विनय नाही हो सर, खरंच चुकून!" चिमटीचा आवाज चढला. "आम्ही साखर मोजतो! नवजात बाळांच्या टाचेतून एवढंसं रक्त घ्यायचं, त्याची इथं एन्झाइमशी क्रिया होते आणि हा सोन्याचा सेन्सर..."

"हो हो, तेही आहेच," अध्यक्ष मायेनं म्हणाले. "साखर काय, सगळेच मोजतात. माझी बायकोसुद्धा रोज सकाळी माझी मोजते आणि चहा बंद करते. पण झडप, बाई! एकही भाग हलता नाही, गंजायला काही नाही, मोडायला काही नाही. नुसती हवा! काम चालू ठेवा. ही खोली तुमचीच, नेमणूकही वाढवा यांची. फक्त एक बघा. पुढच्या खेपेला अशा झडपा ओळीनं बसलेल्या दाखवा. सांगू तिथं बसल्या पाहिजेत, सांगू तेव्हा उठल्या पाहिजेत."

त्यांनी जाता जाता चिपेवर शेवटचं एकदा बोट ठेवून घेतलं. पाठोपाठ बाकीच्या दोघांनीही ठेवून घेतलं.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली असेल-नसेल, बुडबुडा आपण होऊन उठला. कुणी हात लावला नाही, कुणी काही म्हटलं नाही. अंग जरा आखडलं, नळीच्या तोंडाशी गेला आणि बाहेरच्या बाटलीत टुपकन फुटला. पडद्यावरची रेघ उठून बसली आणि ठुमकत वर चढू लागली.

"पाहुणे गेल्यावर घरची पोरं शहाणी होतात, तसं," वायरवाला म्हणाला.

चिमटी त्या रेघेकडं बघत राहिली. हसावं की टेबल उलटं करावं हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं ताईला फोन लावला.

"मान हलवली," ती म्हणाली.

"हलवली? अगं मग ओरड ना! मी सगळ्या वॉर्डाला सांगते."

"नको सांगूस. बुडबुड्यासाठी हलवली."

ताईला सगळं सांगेपर्यंत चहा गार झाला. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता तू साखर मोजायचीस ते बंद? बाळांचं काय?"

"मला पगार बुडबुडे बसवायला मिळणार, ताई."

"अशी कशी गं माणसं?" ताई म्हणाली. "अडाणी असती तर समजावता तरी आलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून बुडबुड्याची वाट बघणं सुरू झालं. आणि बुडबुडा येईना. ज्याला हुसकायला तिनं तारुण्य झिजवलं होतं, त्याला आता आवतण द्यायचं होतं, तर स्वारीचा पत्ता नाही. थंड पाणी सोडलं, कोमट सोडलं, नळी काढून पुन्हा जोडली. एखादा यायचाही, पण पाहुणचार न घेता समोरून निघून जायचा. विभागप्रमुख दर थोड्या वेळानं दारातून डोकं आत घालून विचारायचे, "आला का?" आणि चिमटी म्हणायची, "नाही, सर." मुलगी बघायला येणाऱ्यांची वाट बघावी तसा तो माणूस येरझाऱ्या घालत होता.

एकदा ते आत आले ते थेट पडद्यासमोरच उभे राहिले. पडद्यावर रेघ संथ चढत होती, संथ उतरत होती. त्या दिवशी चिमटीनं नळीत साखरेचे निरनिराळे नमुने सोडले होते, आणि सेन्सर एकेक अचूक सांगत होता. इतकी नितळ रेघ त्या खोलीत पूर्वी कधी निघाली नव्हती.

"ही रेघ कसली?" विभागप्रमुखांनी संशयानं विचारलं. "तू पुन्हा साखर मोजत नाहीस ना? समितीला काय सांगू मी?"

वायरवाला पुन्हा एका स्क्रूकडं बघू लागला. चिमटीनं वर पाहिलं. या माणसाला खरं सांगून पाहिलं होतं, ओरडून सांगून पाहिलं होतं. आता एकच भाषा उरली होती, त्याची स्वतःची.

"बुडबुडा बसला की ही रेघ आडवी होते, सर," ती म्हणाली. "रेघ हलतेय म्हणजे बुडबुडा आलेला नाही. आपण त्याची वाट बघतोय, याचा हा पुरावा आहे. नळीतून नुसतं पाणी सोडलं तर रेघ हलणार नाही, मग बुडबुडा आला की नाही ते कळणार कसं? म्हणून साखर सोडावी लागते."

विभागप्रमुखांनी यावर विचार केला. त्यांना विचार करताना बघणं हा तसा त्रासदायक प्रकार होता. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"म्हणजे जितकी जास्त साखर मोजू, तितकी जास्त वाट बघितली असं होईल?"

"अगदी बरोबर, सर."

"मग थोडी कशाला? दिवसभर मोज! वाट बघण्यात आपण कुठं कमी पडलो असं कुणी म्हणता कामा नये. खऱ्या रक्ताची हवी असेल तर वॉर्डाला पत्र देतो. तुझी बहीण आहे ना तिथं?"

"आहे, सर."

"मग झालं तर! आण नमुने." ते ऐटीत दाराकडं वळले.

नेमकं त्याच क्षणी चिमटीला सूक्ष्मदर्शकात तो दिसला. गोल, गुबगुबीत, चकचकीत. नळीच्या तोंडातून डुलत डुलत आत येत होता. ऐसपैस जागा बघून थबकला, इकडं-तिकडं सरकला आणि सोन्याच्या ठिपक्यावर अलगद टेकला. पडद्यावरची रेघ दचकून खाली आली.

विभागप्रमुख दारातच थांबले. "अगं, रेघ जरा खाली आल्यासारखी वाटली. आला की काय?"

चिमटीनं चिपेत जाणारी बाहेरची नळी दोन बोटांत धरली आणि एकच चिमटा काढला. बुडबुडा गपकन बाहेर गेला. रेघ पुन्हा चढली.

"छे हो, सर," ती म्हणाली. "भास झाला तुम्हाला."

"माझ्याकडून ओके आहे," वायरवाला म्हणाला.